डबल काळूचे शॉकअप

"मला शॉकअप असे दे, की गाणं तुटायला नको," असं काळुराम भोईर कोपरीतल्या विनीतच्या गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात म्हणाला, तेव्हा विनीतला वाटलं, हा स्पीकर बदलायला आलाय.

"ऑडिओवाला समोर बसतो, डबलशेठ."

"गाडीचं गाणं नाही रे. आत्याचं."

कोलशेतच्या भोईरांनी खाडीकाठची जमीन टॉवरला दिली आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दारोदारी काळ्या काचांच्या गाड्या उभ्या राहिल्या. काळुरामने पिकअप घेतली. त्याचा बाप मिठागरात टोपल्या वाहायचा आणि संध्याकाळी घरी येतानाही डोक्यावर काहीतरी असल्यासारखा मान ताठ ठेवून चालायचा. मीठ गेलं, मिठागर गेलं, मान तेवढी काळुरामकडे आली. रिकामं काही त्याला बघवत नसे, मग ते ताट असो की गाडीचा हौदा. मागच्या चाकांवरच्या लोखंडी पाट्यांत त्याने एक जादा पाटा टाकून घेतला आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांना टाइल्स पोचवू लागला. दुसऱ्याच्या दोन खेपा, त्याची एक. म्हणून डबल काळू. हे नाव त्याने गाडीच्या मागे रंगवून घेतलं होतं, खाली दोन लिंबं आणि एक मिरची.

आता धाकट्या लेकीचं, कल्पिताचं लग्न होतं आणि अडचण होती ती सखुबाई आत्याची.

सखुबाई डोंबिवलीच्या मोठागावात राहते. ती धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावते आणि मांडवात भटजीसुद्धा तिचा शब्द मोडत नाही. तिचे नियम तिचेच. न्यायला मांडवाच्या घरचीच गाडी हवी, उसनी नको. वधूच्या बापाने स्वतः हाकावी. उंबरठ्यावर धवला सुरू केला, की मांडवाच्या दारापर्यंत तो चालू ठेवायचा. श्वासासाठी थांबलं तर चालतं, धक्क्याने थांबलं तर नाही.

थोरल्या दर्शनाच्या लग्नाला माजिवड्याजवळच्या खड्ड्यात धवला तुटला होता. दर्शनाचं वाईट काही झालं नाही. फक्त नवरा कायम बंगळुरूला असतो. आत्या तो खड्डा अजून विसरलेली नाही.

"मग सांग ना, गाडी नरम हवी का भक्कम?" विनीतने खोकी काढली. "लोड किती?"

हा प्रश्न काळुरामला कोणी झोपेत विचारला असता तरी उत्तर तेच आलं असतं.

"डबल!" त्याने छाती पुढे काढून सांगितलं.

विनीतने सगळ्यात कडक, गॅस भरलेले, जाडजूड शॉकअप काढले. काळुरामने ते कोहळ्यासारखे हातात तोलून बघितले. जड होते. जड म्हणजे चांगलं, याबद्दल त्याला आयुष्यात कधी शंका आली नव्हती. दुकानासमोरच ते बसवून घेतले आणि हॉर्न वाजवत तो निघाला.

लग्नाआधी हळद दळायच्या दिवशीही धवले लागतात, म्हणून तो आत्याला आणायला गेला. आत्या नऊवारीचा काष्टा आवळून, दांडीला धरून वर चढली. अंगाने पाखरासारखी, आवाजाने भोंगा. उंबरठ्यावर उचललेला धवला गाडीत आला, माणकोली पुलावर खिडकीतून खाडीकडे गेला, परत आला. काळुराम स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होता. पूल संपला. रस्ता आणि पूल जिथे जोडतात तिथे डांबराची एक पट्टी होती, बोटभर उंचीची. गाडीने ती ओलांडली आणि आत्या सीटवरून उठून छताला लागली. देवाचं नाव अर्धं तोंडात, अर्धं टपावर.

गाडीत गाणं नव्हतं. इंजिन होतं, आणि मागचा रिकामा हौदा आपटत होता.

"काल्या," आत्या पदर सारखा करत म्हणाली, "ही गारी हाय का उखल?"

"नवे शॉकअप आहेत गं आत्या. एकदम हेवी."

"मंग त्या हेवीलाच नाचव मांडवान. लग्नाला ही गारी आनशील तं मी नाय चढाची."

काळुरामच्या आईच्या मागे त्याला याच बाईने वाढवलं होतं. त्याच्या लग्नात तिनेच धवले म्हटले होते, आणि तिच्या आवाजाशिवाय मांडव म्हणजे त्याला फक्त बांबू आणि कापड वाटायचं. पण हे बोलायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने गाडी हळू चालवली. हळू चालवल्यावर ती हळूहळू आपटली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच गाऊन बघितलं. रिकाम्या गाडीत कोलशेतच्या रस्त्यावर त्याचा धवला दर गतिरोधकाला उचकी देत होता. मग टाइल्स भरल्या, डबल, आणि पुन्हा सुरुवात केली. गाडी लोण्यातून गेल्यासारखी गेली. टॉवरच्या गेटवरच्या वॉचमनने डबल काळूला धवला म्हणत आत शिरताना पाहिलं आणि बॅरिअर खाली घ्यायचं विसरला.

खुशीत काळुरामने आत्याला फोन लावला. "आत्या, जमलं! तुला न्यायला येताना मागे टाइल्स भरून येतो."

"मी काय लादी हाय?" पलीकडून आवाज आला. "मालाबरोबर धवलारीण नेतंय कोन? बापाला इचार तुज्या."

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोनही बंद झाला.

म्हणून तो परत कोपरीत आला.

"बसवलेला माल मी परत घेत नाही हां," विनीतने आधीच हात वर केले.

"परत नको घेऊ. दुसरे दे. नरम."

"अरे, मी विचारलं लोड किती, तू म्हणालास डबल. मी डबलचे दिले. आता तुझी आत्या किती, चाळीस किलो? गाडीला कळतच नाही कोणी बसलंय ते." विनीतने बारीक, साध्या शॉकअपची जोडी काउंटरवर ठेवली. "हे घे. पण नुसत्या ह्यांनी काही होणार नाही. तो जादा पाटापण काढायला लागेल. मग आत्या पाळण्यात बसल्यासारखी येते की नाही बघ."

"आणि टाइल्स?"

"सिंगल वाहायच्या. सगळे वाहतात तशा. डबल ओढलंस तर हे तेल सोडतील, मग मला शिव्या नको घालूस."

"लग्नानंतर पाटा परत टाकू."

"टाक की. पण नव्या टॉवरचं काम उद्या सुरू होतंय म्हणालास ना? तो सुपरवायझर हर्षित तुझ्या मांडवाची वाट बघत बसणार का? डबलवाले चार जण तयार आहेत त्याच्याकडे."

तेवढ्यात काळुरामचा फोन वाजला. पडद्यावर नाव हर्षितचंच.

"शैतान का नाम लिया!" विनीत हसला. "उचल."

काळुरामने नाव बघितलं. बाहेर रस्त्याच्या कडेला त्याची पिकअप उभी होती, मागची बाजू दुकानाकडे, रिकामी. फिटर पान्याला चिंधीने पुसत तिच्या चाकाशी बसला होता आणि आत बघत होता.

"सांग बाबा लवकर," विनीत म्हणाला. "पाटा काढायला सांगू? का राहू देत? एकदा काढला की डबल काळू फक्त मागच्या पाटीवर राहील."

फोन वाजतच होता. काळुरामने तो तसाच वाजता खिशात टाकला, साध्या शॉकअपची जोडी दोन्ही बगलांत मारली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून फिटरकडे गेला.