साडूंच्या कॉम्प्युटरला नवे पोर्ट

आमच्या थोरल्या साडूंइतका यंत्रांचा मान राखणारा माणूस बेंबळीत दुसरा नाही, आणि आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणी असेल असंही मला वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. जन्मभर बस चालवली, त्यामुळे ज्याला ज्याला बटण आहे ते सगळं त्यांच्या लेखी गाडीच. फ्रीज दुपारी थोडा वेळ बंद ठेवतात, कारण "त्येलाबी दम खाऊ द्यावा." मिक्सर लावण्याआधी खाली वाकून बघतात; तिथून नेमकं काय गळायचं असतं ते आजवर कळलेलं नाही. घरात नवीन काहीही येवो, गॅसचा लायटर का असेना, आधी देवापुढं जाणार, हळद-कुंकू लावून घेणार आणि मगच कामाला लागणार. निवृत्तीनंतर घेतलेल्या कॉम्प्युटरचा थाट तर विचारूच नका. तो सुरू केला की लगेच माउसला हात लावायचा नाही. इंजिन गरम होईपर्यंत साडू शेजारी बसून चहा पितात. एकदा मी घाईनं काहीतरी उघडायला गेलो, तर कपबशी खाली ठेवून म्हणाले, "साडू, थंड्या गाडीला डायरेक दुसरा गिअर टाकता व्हय?"

त्याच सुमारास त्यांच्या मुलीनं त्यांना एक छोटा कॅमेरा दिला आणि साडूंनी आक्कांच्या मागं तो लावला. आक्का भाकरी थापतायत, आक्का तूर पाखडतायत, आक्का शेजारणीशी भांडून परत येतायत. आक्कांना त्याचा भयंकर राग. त्यामुळे एकूण एक चित्रणात त्या साडूंना रागेच भरताना दिसतात. "ठिवा की वो त्ये! भाकर करपली तर काय कॅमेरा खाणार?" साडू फक्त एक पाऊल मागं सरून कॅमेरा आणखी नीट धरायचे. संध्याकाळी सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायचे. बस, तिथंच. दुसरीकडं कुठंही एक तुकडा नाही.

आक्का जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. यंदा त्या कॉम्प्युटरच्या आतून कटकट आवाज येऊ लागला आणि तो मध्येच बंद पडू लागला. बायको मला म्हणाली, "आक्काचा आवाज जाईल हो. काहीतरी करा." मी शाळेच्या संगणक खोलीत काम करतो, तेव्हा घरातला तज्ज्ञ मीच. सगळं उतरवून घ्यायला एक नवी हार्ड डिस्क घेऊन बेंबळीला गेलो. पण कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट जुन्या जमान्यातले, त्यातून माहिती ठिबकत ठिबकत यायची आणि निम्मं होण्याआधी गडी तापून गपगार. आतली डिस्क काढून धाराशिवला दुकानात नेऊ म्हटलं, तर साडू दारात आडवे. "चालतंय तवर इंजन उतरवायचं न्हाय. एकदा उतरवलं की ती गाडी पुन्हा रस्त्यावर येत न्हाय, म्या बघितलंय." शेवटी दुकानदारानं उपाय सांगितला: एक छोटं कार्ड मिळतं, ते आतल्या रिकाम्या जागेत बसवलं की त्याच जुन्या कॉम्प्युटरला नवे, वेगवान पोर्ट मिळतात. ते घेऊन पुढच्या रविवारी परत गेलो.

मी झाकण खोलून आतली धूळ पुसत होतो, तोवर साडू कार्ड घेऊन देवघरात जाऊन आले. बसवायचं त्यांनीच, असा हट्ट. मी नुसती उजेडाला बॅटरी धरली. कार्ड खट्ट करून बसलं, कॉम्प्युटर सुरू केला, चहा झाला, सोबतची सीडीही टाकून झाली. पण कॉम्प्युटरच्या खिजगणतीत कार्ड नव्हतंच. सगळं बंद करून कार्ड बाहेर काढलं आणि बघतच राहिलो. त्याच्या खालच्या कडेला जे सोनेरी दाते असतात, जे आत टेकल्याशिवाय कार्ड जिवंतच होत नाही, त्यांवर नेमकी हळद आणि ओलं कुंकू!

"दादा, इथं कशाला लावलं?"

"दुसरीकडं समदं हिरवं. ही पट्टी सोन्यासारखी पिवळी दिसली. म्हनलं, कपाळ ह्येच आसंल."

हसावं की डोकं धरावं ते कळेना. खोडरबरानं दाते घासून लख्ख केले, कार्ड पुन्हा बसवलं, आणि या वेळी निळ्या पोर्टात लावलेली हार्ड डिस्क लगेच दिसली. आक्का भराभर उतरू लागल्या. आतली कटकट मात्र वाढत चालली होती. साडू खोक्यावर तळहात ठेवून बसले. चढावर गाडीशी बोलावं तसं हळूच म्हणत होते, "चल बाई. थोडकं ऱ्हायलं. चल." जन्मात कधी यंत्राची विनवणी न केलेला मी, मनातून तेच म्हणत होतो. उन्हं कलायला लागली आणि शेवटची फाइल उतरली.

खात्री करायची म्हणून मी नव्या डिस्कवरचं एक चित्रण लावलं. चुलीपुढं आक्का, पदर खोचलेला, कपाळावर घाम. वर बघून कडाडल्या, "बंद करा म्हनते न्हवं!"

साडूंचा हात चटकन माउसवर गेला आणि चित्र थांबलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आक्कांचं ऐकलं असावं. ते पडद्याकडं बघत राहिले.

मग त्यांनी माउस माझ्याकडं सरकवला.

"साडू, तुमी लावा परत," ते म्हणाले. "तुमच्यावर न्हाय वरडायची ती."