कंपनीच्या नवसाची कंदुरी

हसायचं नाही, आधीच सांगतो. चहा सांगा, पण हसू नका. माझं डोकं अजून तापलेलं आहे, आणि गाढवपणा माझाच असल्यामुळे चिडायला दुसरं कोणी सापडतही नाही. म्हणजे साहेब आहेत, पण त्यांना कोण बोलणार?

मी वसमतजवळ एका हळदीच्या गोदामात सुपरवायझर. हंगाम सुरू झाला की घर विसरायचं. जेवताना फोन, आंघोळीत फोन, पोरीला शाळेत सोडताना फोन. आणि साहेबांच्या खुर्चीमागं ही भली मोठी पाटी, ‘आपण सगळे एक कुटुंब’! अहो, कसलं कुटुंब? माझं खरं कुटुंब मला पाव्हणा समजायला लागलं होतं!

माझी बायको सुमन कधी काही मागत नाही. शेत, शेळ्या, पोरगी, सगळं तीच ओढते. एक दिवस म्हणाली, "अवो, मला एक दिवस पायजे. चूल पेटवायची न्हाई. नांदेडला जाऊ, हाटेलात जेवू. म्या बसणार अन् दुसरं कोणीतरी वाढणार."

एवढंच मागणं. मी छाती ठोकून म्हणालो, "बुधवार तुझा!"

आणि साहेबांकडं गेलो.

"सुट्टी? ऐन हंगामात? कशाला?"

"बायकोला नांदेडला न्यायचंय, साहेब."

"आजारी आहे का?"

"न्हाई."

"मग?"

ऐकलंत? म्हणजे बायको आजारी पडल्याशिवाय तिला नवरा मिळायचा नाही! असा संताप आला, की तोंडाला येईल ते बोललो. आमच्याकडं देवाच्या कामाला कोणी अडवत नाही, तेवढंच डोक्यात होतं. म्हणालो, "खरं म्हंजे कंदुरी हाय, साहेब. नवस फेडायचाय. बोकड कापून चार लोकं जेवू घालायची."

साहेबांचे डोळे चमकले. देव ऐकून नाही, बोकड ऐकून. "कसला नवस?"

इथं तरी गप्प बसावं ना माणसानं? "ही नोकरी लागावी म्हणून बोललो व्हतो!"

"अरे, मग हा कंपनीचाच नवस झाला की! आपण एक कुटुंब. सगळे येतो!"

मी हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

घरी सांगितलं. सुमन ताडकन उठली. मग जाऊन गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "माझ्या बोकडाकडं बघायचं बी न्हाई!"

"न्हाई बघत. बाळापूरच्या बाजारातून आणतो."

"काहून? खरं सांगून टाका न साहेबाला."

"आता कसं सांगू? नोकरीच्या नवसाचं खोटं बोललो म्हणलं तर नोकरीच जाईल!"

बुधवारी आख्खं गोदाम आमच्या शेतात. हमाल, ड्रायव्हर, काट्यावरचा माणूस, शिवाय साहेबांची बायकापोरं. सुमन सकाळपासून चुलीपुढं, भाकऱ्या थापून थापून तिचे हात लाल झालेले. मी वाढत होतो. वर व्यापाऱ्यांचे फोनही मीच घेत होतो, कारण साहेबांचे हात रश्श्यात होते!

ढेकर देऊन साहेब उठले. "वहिनी, फॅमिलीसोबत असा दिवस घालवला ना, की माणूस कसा ताजातवाना होतो!"

सुमननं परात आपटली. साहेबांना वाटलं, आवराआवर चाललीय.

जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आजची सुट्टी कापत नाही. सगळा स्टाफ इथंच होता, म्हणजे ही ड्युटीच झाली. तू उद्या सुट्टी घे."

मी धावतच चुलीपाशी गेलो. "सुमन! उद्या सुट्टी भेटली! चल नांदेडला!"

तिनं घासत असलेल्या पातेल्यातून मान वर काढली नाही. "म्या पोरीला घेऊन चाललेच हाय. तुमी कामावर जावा."

"अगं, पण मला सुट्टी हाय!"

"म्हणूनच म्हणून राहिले. तुमी सुट्टी घेतली की मला काम लागतंय."

दुसऱ्या दिवशी मी गोदामात हजर. साहेब चकित. "अरे, तू कसा इथं? सुट्टी दिली होती ना?"

त्या पाटीकडं बघत मी म्हणालो, "व्हय साहेब. पण कुटुंबानं नामंजूर केली."