आमच्या ह्यांचं बोट

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. जेवताना ताटाशेजारी बोटं चालू, टीव्ही बघताना आवाज सारखा वरखाली, आणि फ्रिज घरघरायला लागला की "आज हा बेसूर झालाय" म्हणत उठून त्याला ढकलणार. तीस वर्षं सभागृहांतले माइक सांभाळले की माणसाचं असं होतं, असं ते सांगतात. मी म्हणते, माणूस मुळातच असा होता, म्हणून माइककडे गेला.

एका शाळेच्या कार्यक्रमात नऊ वर्षांची एक मुलगी गाताना भेदरली होती. ह्यांनी तिच्या उंचीला माइक आणून दिला आणि म्हणाले, "तू ओरडू नकोस, आवाज मोठा करायला मी बसलोय." ती आता बावीस वर्षांची आहे आणि तिची गाणी न्हाव्याच्या दुकानापासून जिमपर्यंत वाजतात. आजवर ती दुसऱ्यांच्या कार्यक्रमात मधली दोन गाणी म्हणायची. यंदा तिच्या स्वतःच्या नावावर पहिला दौरा निघाला, अकरा शहरांचा, आणि साउंडला काकाच हवेत म्हणून ती अडून बसली. मॅनेजरनं नाक मुरडलं, पण तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

दौऱ्यावरून ह्यांचे रोज तीन फोन. "पोरगी एका जागी बसत नाही गं. खाते उभ्यानं, फोनवर बोलते चालत." मी म्हटलं, चांगली जोडी जमलीये.

तिच्या एका गाण्याच्या शेवटी फार वरचा सूर आहे, आणि तिथेच दहा सेकंद थांबायचं असतं. पाचव्या शहरात घसा बसला आणि तो सूर फाटला. मॅनेजरनं लगेच तोडगा काढला. स्टुडिओत गायलेलं तेच गाणं मशीनवर मुक्यानं सोबत चालू ठेवायचं. ह्यांच्या टेबलावर दोन सरकती बटणं, एक तिच्या माइकचं, एक मशीनचं. वेळ आलीच तर एक खाली, दुसरं वर, लोकांना पत्ता लागणार नाही. तिला ते मुळीच पसंत नव्हतं. शेवटी ह्यांच्याशी ठरलं, "मी डावा हात वर केला तरच, काका. नाहीतर फाटू दे." ह्यांनी शब्द दिला.

सातवा कार्यक्रम आमच्या गावापासून दोन तासांवर होता, म्हणून मी गेले. बघते तर हे खुर्ची सोडून टेबलापाशी उभे, गालफडं बसलेली. "जेवलात का?" विचारलं तर प्रश्न न ऐकताच "हो" म्हणाले. ती विंगेत कोमट पाण्याची बाटली घेऊन येरझाऱ्या घालत होती. मला म्हणाली, "काकू, तुम्ही पुढेच बसा. ओळखीचं कुणी दिसलं की बरं वाटतं."

मला त्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण ते गाणं आलं तशी मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले. तिनं मान मागे टाकली, दोन्ही हात माइकवर, आणि सूर लागला, अगदी स्वच्छ. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या अनोळखी बाईला सांगूनही टाकलं, "साउंडवाले आमचे मिस्टर आहेत."

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर ह्यांची पाठ थोपटत होता. पुढचा दौराही तुमचाच, म्हणाला. हे हसले नाहीत. लॉजवर नुसती कूस बदलत राहिले आणि सकाळी दाढी करता करता बोलले.

"सुराआधीचा तिचा श्वास मला हेडफोनमध्ये ऐकू येतो. काल तो अर्धाच आला. तिनं हात वर केला नव्हता. माझं बोट गेलं."

"मग बरंच झालं की. निभावलं."

"अगं, मी फक्त तिचा माइक ऐकत होतो. तिचा लागला. इतक्या वर्षांत असा सूर मी ऐकला नाही. आणि हॉलमध्ये मशीन वाजत होतं. गाताना ती कानात इअरफोन घालते, त्यातसुद्धा मीच मशीन सोडलं होतं."

म्हणजे माझ्या टाळ्या मशीनला गेल्या. मी म्हटलं, "तिनं विचारलं तर सांगा, फाटत होता म्हणून सावरलं. कुणाचं काय जातंय?" मी हे बोलले, लपवत नाही. ह्यांनी गालावरचा फेस पुसून टाकला.

खाली चहाला ती आलीच. बसली नाही, कप हातात घेऊन उभी राहिली.

"काका, काल तो सूर कुणाचा होता?"

"मशीनचा."

"माझा फाटला होता?"

मी ह्यांच्याकडे बघत होते. हे माझ्याकडे बघेनात.

"नाही. लागला होता, पूर्ण दहा सेकंद. मी घाबरलो."

तिचा चेहरा आधी फुलला आणि मग उतरला. "कसा होता?"

"मशीनपेक्षा चांगला."

तिनं कप खाली ठेवला. "राहिलेल्या चार शहरांना दुसरं कुणी बसेल, काका. मी रागावले नाही. पण माझ्यासाठी तुमचा जीव टांगणीला लागतो, आणि मी पडायच्या आधीच तुम्ही झेलता. मला पडू देणारं कुणीतरी हवंय." बोलताना डोळे भरले होते, पण शब्द मागे घेतला नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांच्या मायेचं हे फळ का, असं ओठांवर आलं होतं. हे मात्र "बरोबर आहे" म्हणाले आणि बॅग भरायला गेले.

दुपारी दुसरा साउंडवाला आला. ह्यांनी त्याला टेबल समजावून दिलं, एकेक बटण, एकेक गाणं. सबंध वेळ स्वतःचे दोन्ही हात खिशात कोंबलेले. शेवटी त्या गाण्याशी आले तेव्हा म्हणाले, "इथे तिचा श्वास अर्धाच ऐकू येईल. तू हात लावू नकोस. तिला जमतं."