हातकणंगल्याची वाफ आणि गुऱ्हाळाची आच

“साहेब, तुमचं यंत्र बसवलं, तरी जळण तेवढंच जातंय. शनिवारपर्यंत बघा, न्हायतर काढून टाकतो.” कारखान्याच्या मालकांचा फोन होता. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे माझं पहिलंच काम. शुक्रवारी पहाटे पुण्याहून गाडी काढली.

हायवेवर कामं चालू आहेत, तासभर जादा धरा. वाट वाकडी करून कोल्हापुरात मिसळ मात्र खा. कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, न मागता येतो.

कारखाना हातकणंगल्याजवळ, रंगात मिसळायचं द्रावण बनवणारा. बाहेर पडणाऱ्या गरम मालाची ऊब आत येणाऱ्या थंड मालाला द्यायची, एवढंच माझ्या यंत्राचं काम. यंत्र ठणठणीत होतं. माल तापवायला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र सारखा जादा वाफ बाहेर सोडत होता. भट्टीवर शंकरमामा, पूर्वी गुऱ्हाळावरचे जळव्या, म्हणजे चुलाणात जळण घालणारे. नजर आगीवर, प्रेशरच्या काट्याकडे ढुंकूनही नाही.

“मामा, वाफ वाया जातीय.”

“भट्टी दमात हाय, पावणं. आच पडू दिली तर जळव्या कसला?”

मी वैतागलो. पण जेवणाच्या सुट्टीत तेच मला शेजारच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. (हंगामात जाणार असाल तर काकवीसाठी बाटली न्या.) तिथे दोन काहिली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढया होत्या. चुलाणाच्या उरलेल्या धगीवर मागच्या काहिलीतला रस तापत होता; तोच पुढच्या काहिलीत ओतला आणि तिथल्या जळव्याने हात आखडला.

“जळण का कमी केलं?” मी विचारलं.

“रस तापूनच आलाय की,” मामा हसले. “येड्यावानी काय इचारताय?”

“तुमच्या कारखान्यातही आता माझ्या यंत्रातून माल तापूनच येतोय, मामा.”

मामांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. “व्हय? मग मला कुणी सांगितलंच न्हाय की!”

खरंच होतं. मी मालकांना समजावलं, सुपरवायझरला चित्रं दाखवली. आगीपाशी उभ्या माणसाला सांगायचं मला सुचलंच नाही. लाज वाटली, आणि तसं त्यांना सांगूनही टाकलं.

शनिवारी मामांनी काट्याकडे बघत बेतानं जळण घातलं; व्हॉल्व्ह गप्प होता. संध्याकाळी उरलेल्या जळणाच्या ढिगाकडे बघत मालक म्हणाले, “ऱ्हाऊ दे यंत्र.” मामांनी गुळाची ढेप गाडीत ठेवली. मी शीळ घालतच घाट चढलो.

आज त्याच गुळाचा चहा पीत सांगलीच्या नव्या कारखान्याला फोन केला. तिथल्या मालकांनी बैठकीला कोण कोण हवं ते विचारलं.

“आधी भट्टीवर कोण असतं,” मी म्हटलं, “त्यांचं नाव सांगा.”