पाइनची मुळं आणि आक्काचा कोयता

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्काच्या ऊसतोडीच्या कमाईमुळे. आज इथल्या डोंगरातल्या रोपवाटिकेत पाइनची रोपं उपटली, तेव्हा आम्लयुक्त मातीतल्या ॲल्युमिनियमनं काहींची मुळं आखडून काळवंडली होती. ती पाहून मला आक्काची बोटं आठवली. इकडे पुढचं शिकायला येण्याआधी मी तिला भेटायला नेवाशाकडच्या उसाच्या फडावर गेलो होतो. तोडणीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि दाजींची कंबर गेल्यानं आक्काची जोडी मोडली होती. मोळी बांधत तिनं विचारलं, "तिथं काय शिकनार रं तू?" मी म्हणालो, "रोपांना सिलिकॉन द्यायचं. उसाच्या पाल्याला धार त्यानंच येते, आणि ॲल्युमिनियमच्या विषापासून मुळंही तेच वाचवतं." स्वतःचे चिरलेले तळवे बघून ती हसली. "मंजी आमाला कापतंय आन् झाडाला राखतंय व्हय? जा, शिक." "आणि तुझ्या जोडीला कोण?" मी विचारलं. "पोरगी हाय की. सातवी झाली, लई झालं." शेजारी पाचट गोळा करणाऱ्या भाचीनं मान वर केली नाही. आता फोनवर आक्का पोरीच्या शाळेचा विषय टाळते, आणि तिला वाचता येत नाही, म्हणून भाचीनंच वाचून दाखवावं असं पत्र मी आज टाकलं: "आक्का, सिलिकॉन दिलेली रोपं जगली. पोरीला शाळेत धाड. यंदा तुझ्या जोडीला मी येतो."