अक्काचं नाव

नाशिक शहर, निफाड तालुका आणि लगतच्या सर्व सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने पन्नाशीला टेकता टेकता एक संपूर्ण वाक्य, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, स्वमुखाने उच्चारले आणि समोरच्या व्यक्तीने ते मध्येच हिसकावून घेतले नाही. या ऐतिहासिक घटनेची नोंद कोणीच घेतलेली नाही, म्हणून मीच घेतो.

जन्मताना माझा श्वास अडकला होता. तेव्हापासून जीभ आणि मान माझं ऐकत नाहीत. लिहिताना मी राजा आहे. बोलताना मात्र माझं एक वाक्य पोचेपर्यंत लोकांचा चहा निवतो. मग ते मदतीला धावतात. मी 'मला' म्हणालो की कोणी पाणी आणतं, कोणी बाथरूम दाखवतं. एका लग्नात मला 'नवरीची मावशी फार सुंदर दिसते' असं म्हणायचं होतं, तर तिघांनी मिळून मला उचलून पंख्याखाली बसवलं. बरंच झालं म्हणा, मावशीचे यजमान शेजारीच होते.

अशा माणसाने पीएचडीला बसावं, तेही अपंगत्व-अभ्यासात, हा शुद्ध वात्रटपणा होता. हा विषय शरीर दुरुस्त करायला निघत नाही. पाय का चालत नाही, यापेक्षा पायऱ्या कोणी बांधल्या, हे तो विचारतो. माझा प्रश्न साधा होता: ज्याचं बोलणं समजायला वेळ लागतो, त्याच्या वतीने घरात कोण बोलतं?

त्यासाठी निफाडजवळच्या एका मळ्यात गेलो. द्राक्षबागेच्या कडेला घर. तिथली अक्का माझ्याहून थोडी मोठी, लग्न न झालेली, भावाच्या घरात राहणारी, आणि जिभेने माझी सख्खी बहीण शोभावी अशी. भाऊ ओसरीवरच म्हणाला, "तिला काय कळतंय? मला विचारा ना."

मग जे झालं त्याला तिकीट लावायला हवं होतं. मी प्रश्न विचारायचो, भाऊ तो अक्काला पुन्हा सांगायचा. अक्का उत्तर द्यायची, भाऊ ते मला पुन्हा सांगायचा. आम्हा दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. दुभाष्याची गरज फक्त दुभाष्याला होती. दिवसभरात काय आवडतं, असं मी विचारलं. अक्का म्हणाली, "सगळे मळ्यात गेले का एकटीनं टीव्ही बघायला." भाऊ म्हणाला, "देवाचं नाव घेती, म्हणती."

तेवढ्यात वीज आली आणि तो मोटर चालू करायला पळाला. महावितरणचे माझ्या संशोधनावर उपकार आहेत.

संशोधनाचा नियम असा की परवानगी त्या माणसाचीच हवी, घरच्यांची चालत नाही. म्हणून मी ते वाक्य सुरू केलं. "तुम्ही कधीही नको म्हणू शकता, आणि मग मी तुमचं सगळं काढून टाकीन." माझ्या हनुवटीवरून लाळ ओघळली, 'काढून'वर मान दोनदा फिरली. अक्का थांबून राहिली. वाक्य संपलं. कोणी पाणी आणलं नाही.

मग ती बोलली. पुतणीला बघायला पाहुणे आले की अक्काला मागच्या खताच्या खोलीत बसवतात. "दार लावत नाय हां. माणुसकी हाय." युरियाच्या गोण्यांवर बसून ती पाहुण्यांचं हसणं ऐकते आणि स्थळ जमणार की नाही, ते ओळखते. आई गेल्यापासून तिचं नाव घरात कोणी घेतलेलं नाही. भावाची ती अक्का, मुलांची आत्या आणि वहिनीची 'ती'.

"माझं नाव छापशील ना?"

मी म्हणालो, आमच्या संशोधनात खरं नाव देत नाहीत, दुसरं घेतात. तुम्हीच निवडा.

"वहिनीचं टाक."

आम्ही इतके हसलो की दोघांच्या माना दोन दिशांना गेल्या. मग तिचं हसू थांबलं. "नाय. माझंच टाक. तेवढं बघ."

मी हा प्रश्न विद्यापीठाच्या समितीपुढे नेला. माझ्या मार्गदर्शक बाई चांगल्या आहेत, त्यांनी नीट समजावलं. गाव लहान, नावावरून घर ओळखू येणार. तिने घरच्यांबद्दल जे सांगितलंय ते उद्या गावात कोणीही वाचेल, आणि तिला राहायचंय त्याच घरात. खोटं काय होतं त्यात? तरी मी बोलायला उठलो. "मला हे मान्य..." इथपर्यंत पोचलो. 'नाही' वाटेत होतं. समितीतले एक प्रेमळ गृहस्थ म्हणाले, "मान्य आहे त्यांना, बसा बसा, त्रास नका घेऊ." मी दुसरं वाक्य जुळवेपर्यंत पुढच्या विद्यार्थिनीचा विषय सुरू झाला होता. प्रबंध आता ग्रंथालयात आहे. त्यात अक्का दुसऱ्याच बाईच्या नावाने बोलते. इथेही मी तिचं नाव लिहिलेलं नाही.

छापण्याआधी आपण काय लिहिलं ते त्या माणसाला वाचून दाखवायचं, हाही एक नियम. म्हणून प्रबंध जमा करण्याआधी, थंडीत, पुन्हा मळ्यात गेलो होतो. भाऊ खुर्चीवर, वहिनी दारात. मी सगळं प्रकरण स्वतः वाचलं, ऊन ओसरीवरून खाली उतरेपर्यंत. अक्का एकदाही जागची उठली नाही. शेवटी तिने विचारलं, "ही कोण?"

मी सांगितलं, ही तुम्हीच. नाव नाही देता आलं.

"बरं झालं," भाऊ म्हणाला, "रविवारी पोरीला बघायला येणार हायेत."

मी तिला विचारलं, काढून टाकू का सगळं? तो हक्क तिचा होता. माझ्या मनात मात्र दुसरंच होतं: काढलं तर ती खोट्या नावानेही कुठे उरणार नव्हती. अक्काला हे माझ्याआधी कळलं असावं. तिने मान हलवली, पण आमच्यासारख्यांच्या मानेवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून ती बोलली, सावकाश, एकेक शब्द ढकलत. भावाने ते पुन्हा सांगितलं नाही. वहिनीही आत निघून गेली.

"राहू दे. पाव्हणे आले का हे मला दडवतात. आता तू बी दडव."