फर्स्ट क्लासचा पास

हैदराबादेत लोकल नवीन होती तेव्हाची गोष्ट. मी हिमायतनगरला राहत होते. नामपल्लीला गाडी पकडायची, हायटेक सिटीला उतरायचं आणि तिथल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करायचं, असं माझं काम होतं. कुणाला कुठे दुखतंय, काय औषध दिलं, हे ते लोक तिकडे रेकॉर्ड करून ठेवायचे आणि आम्ही इकडे आठ तास हेडफोन लावून ऐकत बसायचो. वडिलांना मी नेमकं काय करते ते सांगता यायचं नाही. ते शेजाऱ्यांना "अमेरिकेचं काम" एवढंच सांगायचे.

बायकांच्या डब्यात मला एक मावशी भेटल्या. नात्याच्या नव्हेत. नामपल्लीच्या मागच्या गल्लीत राहायच्या, विधवा होत्या. हायटेक सिटीजवळ पुण्याहून आलेले चार इंजिनियर एका फ्लॅटमध्ये राहत होते, त्यांचा स्वयंपाक करायला जायच्या. मी आईशी फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि हाताला धरून शेजारी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा धरून ठेवायला लागल्या.

मावशी बोलायच्या. नामपल्लीपासून हायटेक सिटीपर्यंत, मधे श्वास घेतल्यासारखंही वाटायचं नाही. पुण्याच्या पोरांपैकी एकाला कढीपत्ता दिसलेला चालत नाही, दुसऱ्याला आता खट्टी दाल लागते, तिसऱ्याचं लग्न मोडलं. मग सून, मग गुडघे, मग नळाचं पाणी. मी हं हं करायचे. दिवसभर कानात परक्यांची दुखणी असायची आणि जाता-येता मावशी. सहा महिन्यांनी मला कुणाचाही आवाज नकोसा झाला. एकदा घरी आईने नुसतं "जेवतेस ना?" विचारलं तर मी ओरडले.

तेव्हा मी घरी फर्स्ट क्लासच्या पासचा विषय काढला. वडिलांना ते पटेना. दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट पैसे, गाडी तीच, पोचणार एकाच वेळी, मग जास्तीचं मिळतं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसायला जागा मिळते. जागा मला रोजच मिळत होती, ते त्यांना माहीत नव्हतं.

मावशींना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी सांगितलं की पास कंपनीने दिलाय, वापरावाच लागतो. त्यांचा चेहरा उजळला. "हौ? मग जा की पोरी. इकडं कशाला बसायलीस?" म्हणाल्या. आणि दोन दिवसांत सगळ्या डब्याला कळलं की आमच्या पोरीला कंपनीनं फर्स्ट क्लास दिला. स्टेशनवर फुलं घेऊन चढणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

फर्स्ट क्लासचा कप्पा बायकांच्या डब्याला लागूनच होता. मधे पत्र्याची भिंत. तिथे सात-आठ माणसं असायची, पेपर वाचणारी किंवा डोळे मिटलेली. कुणी कुणाशी बोलत नसे. पहिल्याच दिवशी मी बेगमपेट यायच्या आत झोपले. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं, हे मी लपवणार नाही. हायटेक सिटीला उतरल्यावर मावशी पाच मिनिटं बरोबर चालायच्या, तेवढंच. हळूहळू मी तेही टाळायला लागले, भराभर पुढे जायचे.

असे तीन-चार महिने गेले. एका सकाळी नेकलेस रोड सोडल्यावर पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला. हाताने, मग कशाने तरी, जेवणाच्या डब्याने असेल. मला वाटलं मावशी बोलावतायत. काहीतरी केलं असेल, लाडू वगैरे, ते द्यायचं असेल. मी डोळे उघडले नाहीत. आवाज वाढला. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली करून पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेपर पुन्हा वर केला.

बेगमपेटला गाडी जरा जास्त थांबली. खिडकीतून प्लॅटफॉर्मवरच्या बाकाभोवती घोळका दिसला, सगळ्यांच्या पाठी. मला उशीर होईल म्हणून मी वैतागले. हायटेक सिटीला मावशी दिसल्या नाहीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी फुलांच्या टोपलीवाल्या बाईने मला प्लॅटफॉर्मवर गाठलं. त्या सकाळी मावशी बोलता बोलता कलंडल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं. बायकांनी मला हाक मारायला पत्रा बडवला, कारण त्यांच्यापैकी कुणालाच मावशींचं घर माहीत नव्हतं. "बहुत ठोके हम लोगां," ती म्हणाली. रागाने नाही. मला ऐकू आलं नसणार असंच तिने धरलं होतं. मी तिला तसंच समजू दिलं.

घर शोधून मी गेले. मुलाने दार उघडलं आणि मला नीट बघून म्हणाला, "तुम्हीच का फर्स्ट क्लासवाल्या? आई रोज सांगायची." पोलिसांनी दवाखान्यात नेलं, घरी कळायला संध्याकाळ झाली, असं त्याने सांगितलं. मावशी खाटेवर होत्या. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. डोळे मात्र तसेच होते, बोलायच्या आधी चमकायचे तसे.

सून चहा करायला आत गेली तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मावशी, पास कंपनीनं दिला नव्हता. मीच काढला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं का, मला आजही सांगता येणार नाही. ओठ हलले, आवाज आला नाही. चहा आला, तो मी प्याले. तासभर मी तिथे बसले.

मी पुन्हा एकदाच गेले. हिवाळा संपताना त्या वारल्या, ते त्याच फुलवालीकडून कळलं.

बायकांच्या डब्यात परत जायचं मला जमलं नाही. तिथे सगळ्यांना मी माहीत होते. म्हणून नोकरी सोडेपर्यंत पास फर्स्ट क्लासचाच राहिला. पण तिथे मला परत झोप लागली नाही. पत्र्यापलीकडे एखादी बाई मोठ्याने हसली तरी मी डोळे उघडायचे. गाडी कुठे दोन मिनिटं जास्त थांबली की मी उठून दाराशी जायचे आणि प्लॅटफॉर्मवर दोन्ही बाजूंना बघायचे. एका गृहस्थांनी विचारलं, कुणी यायचंय का. मी नाही म्हटलं.

शेवटच्या वर्षी कंपनीत शेजारच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली. जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "ताई, फर्स्ट क्लासचा पास काढू का? एवढे पैसे घालण्यासारखं आहे का काही?"

हेडफोनने तिचेही कान लाल झालेले होते. मी म्हटलं, "काढ. तिकडे शांत असतं."

तिने काढला.